चौदावं नाव

एरंडोल
६ एप्रिल

प्रिय दिपू,

आबाचे पोटभर आशीर्वाद. तुझा निरोप जितेंद्रमामाच्या मोबाईलवर आला, पण उत्तर मी कागदावरच लिहिणार. काचेवर बोटानं लिहिलेलं मला माझं वाटत नाही.

इकडे सगळे खुशाल. पारा त्रेचाळीसवर गेला आहे. कूलरमधल्या वाळ्याचा वास घरभर असतो. प्रमिलामामीनं गच्चीवर ज्वारीच्या पापडांच्या बिबड्या वाळत घातल्या आहेत आणि राखणीला मला बसवलं आहे, हातात काठी, डोक्यावर ओलं उपरणं. काल म्हणाली, "आबा, कविता म्हणू नका. कावळे उडायच्या ऐवजी जवळ येऊन ऐकत बसतात." आता चौथीच्या पुस्तकातली कविता चालीवर म्हटली तर कावळ्यानंही ऐकावीच. छत्तीस वर्षं वर्गात म्हणत आलो. खडू, ओली पाटी आणि चाळीस पोरांचा एकच सूर. दिपू, तसा सूर पुन्हा कानी पडायचा नाही.

तुझ्या बाबांची कंपनीतली पाळी बदलली का? धुळ्याहून नरडाण्याला रोजची ये-जा, नवलरावांची कंबर लोखंडाची आहे. आणि रत्ना कशी आहे? फोनवर तुझी आई 'बरी आहे' एवढंच बोलते. मागच्या दिवाळीत तू तिची चेष्टा केली होतीस, "आबा, आई म्हणजे जुना लँडलाइन आहे. रिंग जाते, उचलत कोणी नाही." खरंच, तिला हाक मारली की ती ओल्या हातानं दारात येऊन उभी राहते, पण 'ओ' म्हणून देत नाही. तेव्हा मी हसलो होतो. असतात एकेकाच्या सवयी.

आता तुझ्या कामाचं. तू पाठवलेली ती जपानी चित्रमालिका मी आठ दिवस बसून पाहिली. जितेंद्र म्हणतो, "आबा या वयात कार्टून बघतात." त्याला काय ठाऊक. ती डोंगरातली शाळा, पायऱ्यांपर्यंत चढत येणारं धुकं, धुक्यातून कुणीतरी घेतलेली हजेरी. ज्याचं नाव येईल त्यानं उत्तर द्यायचं आणि धुक्यात जायचं. उत्तर नाही आलं तर सगळी शाळाच जायची. नायिकेचं नाव येतं, तिची जीभ टाळ्याला चिकटते, आणि मागच्या बाकावरची एक साधी मुलगी तिच्या वतीनं उत्तर देऊन चालू लागते. पुढच्या सकाळी तिचं नाव कुणालाच आठवत नाही. आईलासुद्धा. पाचव्या भागात मरते आणि पुढे नायिकेच्या गोष्टीत तिला जागाच उरत नाही. ते पाहून मी उठलो, तांब्याभर पाणी प्यालो, परत बसलो.

त्या मुलीला मराठीत तू आवाज देणार आहेस आणि विचारतेस, तिच्या तोंडी उत्तराचा कोणता शब्द घालू? बघ. 'हो' म्हटलं तर त्यात होकार आहे. 'ओ' म्हटलं तर घर आलं, अंगण आलं, चुलीपुढची आई आली. 'आले' म्हटलं तर पावलांचा आवाज आला. पण इथे शाळा आहे, यादी आहे, नावापुढे खूण करणारा कुणी आहे. म्हणून 'हजर'. तीनच अक्षरं, पण माणूस त्यात पुरा अडकतो. हजरच घे.

तू नमुन्याला चारही शब्द म्हणून पाठवलेस, त्यातला 'हजर' मी ऐकला. एकदाच ऐकला. चांगला आहे. इतका लहान आवाज तू कुठून काढलास? असो.

एक सांगतो, मनावर घे. तू कपाटात गोधड्या लावून घरीच रेकॉर्डिंग करतेस हे मला माहीत आहे. तो शब्द आई घरात असताना म्हणू नकोस. का, ते विचारू नकोस. उन्हाळा आहे, तिचं डोकं चढतं.

नवव्या भागात ती मुलगी खिडकीबाहेर उभी दाखवली आहे, तोंड उघडं आणि आवाज नाही, ते चित्र फार छान काढलंय. कुणी काढलं ते कळव.

तुझा
आबा

०

एरंडोल
२१ एप्रिल

चि. दिपू,

हे पत्र मी स्वतः पोस्टात टाकणार आहे. जितेंद्रच्या हाती दिलेलं नाही, आणि त्याला यातलं काही सांगू नकोस.

काल तुझा फोन आला तेव्हा मला नीट बोलता आलं नाही. प्रमिला समोर बसून गहू निवडत होती. तू म्हणालीस, "आई बाजारात गेली होती म्हणून मी सुरू केलं. अकरा वेळा 'हजर' म्हटलं, कारण डबिंगच्या साहेबांना पसंत पडत नव्हतं. कपाटाचं दार उघडलं तर आई समोर जमिनीवर बसलेली. पिशवी उलटलेली, बटाटे खोलीभर." मग तू म्हणालीस की त्या दिवसापासून ती रोज दुपारी बाराच्या सुमाराला कडी काढते, जिना उतरते आणि अनवाणी रस्त्यावर जाऊन उभी राहते. डॉक्टरांनी रक्तदाब सांगितला, गोळ्या दिल्या. तू विचारलंस, "आबा, तुम्ही मला आधीच बजावलं होतं. तुम्हाला काय माहीत आहे?"

आणि फोन ठेवता ठेवता तू म्हणालीस, नवव्या भागात ती मुलगी कुठेच नाही.

दिपू, मी पुन्हा लावून पाहिला. भर दिवसा, दारं सताड उघडी ठेवून पाहिला. खिडकी आहे. खिडकीबाहेर झाड आहे. मुलगी नाही. पण मी पाहिली होती. दोन वेण्या, निळ्या रिबिनी, पांढरं पोलकं. त्या जपानी शाळेतल्या मुलींचा गणवेश तसा नाहीच, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मला ती ओळखीची वाटली, एवढंच.

आणखी एक आहे. कुणाला सांगितलं तर मला जळगावला मोठ्या डॉक्टरकडे नेतील, म्हणून तुलाच सांगतो. दुपारी वीज जाते. कूलर थांबतो. गल्लीत कुत्रंही फिरकत नाही, ऊन नुसतं भिंतींना चिकटून उभं असतं. अशा वेळी माझ्या डोक्यात १९८५ची पाचवीची हजेरी सुरू होते. एकतीस नावं मला क्रमानं पाठ आहेत. आधी मीच ती गंमत म्हणून म्हणायचो, जुन्या कवितेसारखी. आता मी म्हणत नाही तरी ती चालू राहते. एक, दोन, तीन. मी उठतो, तोंड धुतो, रेडिओ लावतो. रेडिओच्या खालून ती चालूच असते. तेरा नंबर होतो. मग जरा शांतता. आणि मग माझ्या पाठीमागे, पाण्याच्या माठाच्या बाजूनं, कुणीतरी श्वास घेतं. बोलायच्या आधी घेतात तसा. पुढे शब्द येत नाही. श्वासच येत राहतो, पुन्हा पुन्हा, अडकत अडकत.

मी वळून पाहत नाही.

तुला सांगायलाच हवं, म्हणून सांगतो. तेव्हा मी नरडाण्याच्या अलीकडच्या एका गावात शिक्षक होतो. तुझी आई माझ्याच वर्गात, नऊ नंबर. चौदा नंबरला सुनंदा तोताराम. तोताराम मजुरी करायचा, त्याची बायको भागाबाई शेतात निंदायला जायची. पोर हुशार, अक्षर मोत्यासारखं, पण बोलताना अडखळायची. विशेषतः 'ह' तिच्या घशातून निघायचाच नाही. नाव पुकारलं की मान ताठ व्हायची, डोळ्यांत पाणी यायचं आणि वर्ग हसायचा. रत्ना आणि ती जीवाभावाच्या मैत्रिणी.

माघ महिन्यात आम्ही तापीकाठी महादेवाच्या देवळापाशी वनभोजनाला गेलो. गावातल्या एकाचा ट्रॅक्टर मिळाला होता, तो बाराला परत हवा होता. जेवणं झाली, मुलं ट्रॉलीत चढली, मी निंबाखाली उभं राहून हजेरी घेतली. एकतीसच्या एकतीस हजर. आम्ही निघालो. गावात पोचल्यावर भागाबाई आपल्या पोरीला शोधत आली, मनी पोर कोठे शे?

सुनंदा देवळामागे हात धुवायला गेली होती. ती मागे राहिली. संध्याकाळी डोहात सापडली. पलीकडच्या काठावर भिकन नावाचा एक मेंढपाळ होता. त्यानं पोलिसांना सांगितलं, "पोर ट्रॅक्टरना मांगे पळी राह्यनी व्हती. तोंड उघाडं व्हतं, पन आवाज काही नही. माले वाटनं, खेळी राह्यनी." वळणावर ट्रॅक्टर दिसेनासा झाल्यावर ती आडवाटेनं पाण्यातून निघाली असावी.

तिच्या नावाला 'हजर' रत्नानं म्हटलं होतं. मुलांच्या खोड्या असतात. माझी नजर वहीत होती, मला आवाज ओळखू आला नाही. चौकशीला तालुक्याहून साहेब आले, मी तसं लिहून दिलं. दहा वर्षांच्या पोरीला कोण शिक्षा करणार? प्रकरण मिटलं. पुढे माझी बदली इकडे झाली.

एवढंच आहे. त्यामुळे तो शब्द ऐकून तिला धक्का बसला असेल. तिला थंड ताक दे, बाराला बाहेरून कडी घाल, आणि जमल्यास त्या कामाला नाही म्हण. तुझ्या त्या आवाजात तू कुणासारखी वाटतेस, हे तुला माहीत नाही. दहा वर्षांची रत्ना अगदी तशीच बोलायची.

खरंच एवढंच आहे.

तुझा
आबा

०

धुळे, देवपूर
तुझ्या घरासमोरच्या किराणा दुकानाची पायरी
३ मे, सकाळचे साडेदहा

रत्ना,

वर आशीर्वाद लिहायला पेन उचललं आणि हात थांबला. तुला आशीर्वाद द्यायचा मला किती हक्क उरला आहे ते पत्र वाचून तूच ठरव.

पहिल्या गाडीनं आलो. दोनदा तुझ्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. भीती तुझी नाही, माझ्या जिभेची वाटते. समोरासमोर आलो की ती काहीतरी गोड, नादमधुर शोधेल आणि खरं ते गिळेल. चाळीस वर्षं तिनं तेच केलं. म्हणून दुकानातून वही-पेन घेतलं. लिहून तुझ्या हातात देणार आहे.

दुकानातल्या प्रेमकुंवरबाईंनी मला पाणी दिलं, फळकुटावर जागा दिली. म्हणाल्या, "नाना, तुम्ही ताईंचे वडील ना? बरं झालं आलात. पोरगी कामासाठी पुण्याला गेली, साहेब कंपनीत, आणि ह्या रोज बाराला उतरतात. मी म्हणते, ताई, डांबर पेटलंय, पाय भाजतील, चप्पल तरी घाला. तर माझ्याकडे बघतात. तोंड उघडतात. पण आवाजच निघत नाही बघा. परवा पांझरा नदीच्या पुलापर्यंत गेल्या, आमचे सुरेशचंद स्कूटर घेऊन मागे गेले म्हणून बरं."

तोंड उघडतात, आवाज निघत नाही. रत्ना, हे ऐकलं आणि लिहायला बसलो.

दिपूला मी सगळं सांगितलेलं नाही. तिला लिहिलं की तू खोडी केलीस. चौकशीच्या कागदातलं वाक्यच मी जसंच्या तसं तिला पाठवलं. ते वाक्य मला इतकं पाठ आहे की खरं कुठे संपतं आणि ते कुठे सुरू होतं हे मीच विसरायला लागलो होतो. तू विसरली नाहीस.

तर ऐक. जूनमध्ये शाळा उघडल्यावर आठवड्याभरानं मी तुला ओसरीवर बोलावलं होतं. तू चिंचोके खेळत होतीस. मी म्हणालो, "रत्ने, सुनंदाला 'हजर' म्हणता येत नाही, पोरं हसतात, तिला रडू येतं. उद्यापासून तिच्या वतीनं तूच म्हणत जा." तू विचारलंस, "खोटं नाही का होणार, आबा?" मी म्हणालो, "अगं, ती समोर बसलेली असते, त्यात खोटं काय?" मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. किती हळवा गुरुजी! दुसऱ्या दिवसापासून नऊला तू तुझ्यासाठी म्हणायचीस आणि चौदाला तिच्यासाठी. सुनंदा तुझ्याकडे बघून हसायची. सात महिने हे रोज चाललं. मी तुझा आवाज रोज ओळखत होतो. नऊचा आणि चौदाचा.

तुला मी सांगितलं होतं. तू मनानं केलं नव्हतंस. ती खोडी नव्हती. आधी हे चार वेळा वाच आणि मग पुढे जा.

त्या दिवशी निंबाखाली मी हजेरी घेत होतो, पण माझं चित्त नदीवर होतं. माझी एक ओळ झाली होती, 'तापीच्या पाण्यात ऊन पोहते'. दुसऱ्या ओळीला यमक हवं होतं. वाहते घेतलं, ते गुळगुळीत वाटलं. साहते घेतलं, ते ओढूनताणून आणलेलं वाटलं. बारा नंबर, शोभा. तेरा नंबर, विमल. चौदा, सुनंदा तोताराम. तू ट्रॉलीतून 'हजर' म्हणालीस, सवयीनं, कुणाच्या तरी डब्याचं झाकण लावता लावता. तुझा आवाज मी ओळखला. सुनंदा कुठे बसली आहे हे पाहायला मान वर करायला हवी होती. तेवढंच काम होतं माझं. त्याच क्षणी मला यमक सापडलं. 'काठावर सावली मागे राहते.' मी खूश झालो. मान वर केली नाही. पंधरा पुकारला.

मागे राहते. शब्द मला सांगत होता, रत्ना, आणि मला त्याचा नाद तेवढा ऐकू आला.

मग जबाब लिहायला बसलो. सुंदर अक्षरात लिहिलं, 'चौदा क्रमांकास उत्तर मिळाले. ते माझ्या मुलीने खोडकरपणे, माझ्या नकळत दिले.' साहेब म्हणाले होते की हजेरीची पद्धतच चुकीची होती असं निघालं तर नोकरी जाईल. तुझी आई तेव्हा आजारी होती, जितेंद्र पाळण्यात होता. ही कारणं खरी आहेत. पण मी जे केलं त्याला ती पुरत नाहीत.

तरीही माझा सगळ्यात मोठा अपराध तो कागद नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तू माझ्यापाशी आलीस. बायका तुला तोंडावर 'हीच ती' म्हणायला लागल्या होत्या. तू हळूच विचारलंस, "आबा, तुम्हीच सांगितलं होतं ना, तिच्या वतीनं म्हण म्हणून?" आणि मी तुझ्या डोळ्यांत बघून म्हणालो, "मी असं कधी म्हणालो, रत्ने?"

तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मी ओळखलं, आणि मी वही उघडून वाचत बसलो. तू आठवून बघत होतीस. ओसरी, चिंचोके, माझा आवाज. आपल्याला स्वप्न तर पडलं नव्हतं ना, हे तपासत होतीस. त्या दिवसापासून तू हाकेला ओ दिली नाहीस. घरात सगळ्यांनी त्याची सवय म्हणून नोंद केली, मीही केली.

दिपूच्या त्या मालिकेत मागच्या बाकावरची मुलगी जाते आणि सगळे तिला विसरतात. पाहताना मला वाटत होतं, ही सुनंदा. म्हणून घाबरलो. आता कळतंय, दुसऱ्याच्या वतीनं उत्तर देऊन धुक्यात गेली ती सुनंदा नव्हे. ती तू. आणि हजेरी घेणारा मी.

सव्वाअकरा झाले. भराभर लिहितो.

काल मी जितेंद्रला घेऊन त्या गावी गेलो. वाटेत गाडीत त्याला सगळं सांगितलं. त्यानं गाडी बाजूला घेतली आणि म्हणाला, "आबा, ताईला मी आयुष्यभर तुसडी म्हणत आलो."

भागाबाई आहे. डोळ्यांना कमी दिसतं. दारात चिंचा फोडत बसली होती. मी समोर उभा राहिलो.

"कोन शे?"

"मी सुकदेव गुरुजी."

तिचा हात थांबला नाही. "गुर्जी? जित्ता शेतस आजून?"

खरा जबाब मी घरून लिहून नेला होता. तिला वाचता येत नाही, म्हणून वाचून दाखवला. तू माझ्या सांगण्यावरून म्हणालीस, मी आवाज ओळखला होता, मी मान वर केली नाही, सगळं. संपल्यावर ती म्हणाली, "परत वाचा." वाचलं. "परत." तिसऱ्यांदा वाचलं. ती ऐकतच होती, चिंचोका बोटांत तसाच.

मग ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो. "रत्ना माले तव्हयच सांगी गयी व्हती. दहाव्याना दिवशी एकलीच उनी, उंबरापाशी उभी राह्यनी. म्हने, मावशी, हजर मी म्हनं, पन माले आबांनी सांगेल व्हतं. मी काय करं माहीत शे, गुर्जी? मी म्हनं, बापवर आळ घेस का रांडे? आनि तिले हाकली दिधी. तुमनं अक्षर इतलं चांगलं. मी तुमना अक्षरवर भरोसा ठेवा."

मला हे माहीतच नव्हतं. तू दहा वर्षांची, उन्हातून एकटी चालत तिच्या दारी गेलीस, खरं बोललीस, आणि तिनंही तुला खोटं ठरवलं. त्यानंतर तू तोंड उघडायचंस तरी कुणापुढे?

निघताना तिनं माझी बाही घट्ट धरली. म्हणाली, "तिले सांगा, भागाबाई म्हनस, तू खोटी नही व्हती. मी खोटी व्हती." मग थोड्या वेळानं, "आनि लवकर सांगा. दुपारना टाईमले मनी पोर बोलावस. चाळीस वरीस व्हयनात, माले रोज बोलावस. मी जात नही, माले माहीत शे, ती मनी शे. पन रत्नाले कोन सांगीन, जाऊ नको?"

जितेंद्र म्हणतो, म्हातारीला भ्रम होतो. माठाच्या बाजूनं येणारा तो श्वास मी त्याला सांगितलेला नाही.

पण तुला सांगतो, कारण तो तूही ऐकतेस, असं मला आता खात्रीनं वाटतं. ती श्वास घेते, शब्द अडकतो, आणि तुला वाटतं की पूर्वीसारखं आपणच म्हणायचं. तिच्या वतीनं. म्हणून तू रोज उतरतेस. म्हणून पुलापर्यंत गेलीस. रत्ना, ते काम तुझ्यावर मी लादलं होतं. आज ते मी काढून घेतो. तू कुणाच्याही वतीनं काही देणं लागत नाहीस. तिला जे उत्तर द्यायचं असेल ते मी देईन, जिथे बोलावील तिथे जाऊन देईन. तू घरात राहा. नवलराव आणि दिपूजवळ राहा.

खरा जबाब या वहीत मागे घातला आहे. दोन प्रती आहेत. एक भागाबाईपाशी आहे, खाली माझी सही आणि तिचा अंगठा. सुंदर अक्षरात लिहिलेला नाही.

बाराला दहा कमी. प्रेमकुंवरबाईंनी शटर अर्धं ओढलं आहे. रस्त्यावर माणूस नाही. डांबरावरची हवा हलते आहे, पाण्यासारखी. मी काही म्हणत नाही, तरी माझ्या डोक्यात यादी सुरू झाली आहे. सात. आठ. नऊला कुणी उत्तर दिलं नाही.

वर कडी वाजली.

तू जिना उतरते आहेस. पायात काही नाही. केस मोकळे आहेत. तू माझ्याकडे पाहिलंस आणि मी तुला दिसलो नाही. तू पुलाच्या दिशेनं पाहते आहेस. तुझं तोंड उघडलं आहे.

बारा नंबर झाला. तेरा.

मी तुला हाक मारणार नाही. पुष्कळांनी मारल्या. वही इथेच बंद करतो आणि उठून येतो. मला धावता येत नाही, पण आज मान वर आहे आणि तू मला दिसते आहेस.

तुझ्याकडे येणारा,
तुझा बाप
सुकदेव